बिनवेसणीचा बैल

श्रावण सरत आला तरी पावसानं धड उघाड दिली नव्हती. एक दिवस ऊन पडायचं, लोक वावरात पळायचे, की दुसऱ्या दिवशी पुन्हा भुरभुर सुरू. काळी माती अशी फुगली होती की पाय उचलला तर चप्पल तिथंच राहायची. ट्रॅक्टर शेडमध्ये झाकून ठेवलेले, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांत गवत गुडघ्याला लागलेलं. अशा दिवसांत कवठी गावाला एकाच माणसाची आठवण येते, सहदेव तायडेची. खरं सांगायचं तर त्याची नाही, त्याच्या बैलांची.

एके काळी गावात घरोघर जोड्या होत्या. काही लम्पीनं मेल्या, बाकीच्या ट्रॅक्टर आले तशा बाजाराला गेल्या. उरली ती सहदेवची, चांद्या आणि भुऱ्या. ओल्या रानात डवरा घालून तासातलं गवत उकरायचं तर या दोघांनीच. पाटलाची पऱ्हाटी त्यांनीच डवरायची, देवराव कोतवालाचं सोयाबीन त्यांनीच. सहदेवच्या स्वतःच्या तीन एकरांची पाळी सगळ्यांच्या शेवटी यायची. तोवर तिथलं गवत पेरल्यासारखं माजलेलं असायचं.

अशाच एका दुपारी तो पाटलाच्या वावरात होता. निंबाखाली बैल सोडले, त्यांच्या तोंडावरची मुसकी काढली, पुढ्यात चारा टाकला आणि डबा उघडायच्या आधी खिशातून चाकू काढला. साधा घडीचा चाकू. अमरावतीच्या इतवारा बाजारातून घेतलेला, पातं बोटाएवढं, तेही दगडावर घासून घासून बारीक झालेलं. दोर कापायचा, खुरातला काटा काढायचा, संत्रं सोलायचं तर तोच. आणि बैल रवंथ करत बसले की हाती लागेल ते लाकूड छिलत बसायचं. हा त्याचा धंदा नव्हता. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला तंबाखूचा चाळा असतो, याला लाकडाचा.

"आंधी जेवा," ललिता म्हणाली. त्याची बायको त्याच वावरात बायांसोबत तण निंदायला होती. "लाकूड काई पळून नाई चाललं."

"चांद्या मांगचा पाय ओढून राहिला. पायलं का तू?"

"म्हातारा झाला तो. तुमच्यावानीच."

"दात बी गेले त्याचे. पुढचा पोळा काई पायत नाई."

"यंदाचा पाहिला तरी लय झालं," ललिता भाकरीवर चटणी ठेवत म्हणाली. "यंदा तं पुढं हाय तो."

पुढं म्हणजे तोरणाखालून पुढं. पोळ्याच्या दिवशी मारुतीसमोरच्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, तोरण बांधतात, सगळ्या गावाचे बैल सजून रांगेत उभे राहतात आणि मानाची जोडी पहिल्यांदा तोरणाखालून जाते, मग पोळा फुटतो. तो मान जानराव पाटलाच्या घराचा. सहदेवच्या आजाचे बैल तर रांगेतही नसत, नाल्याच्या अंगाला वेगळे उभे केलेले. बापाच्या काळात रांगेत आले, पण शेवटी, साऱ्या गावाच्या बैलांनी तुडवलेल्या चिखलात. बाप म्हणायचा, "आपले बैल साऱ्यायच्या वावरात पुढं अन् पोळ्यात मांगं." म्हणायचा आणि हसायचा. सहदेवला ते हसणं लहानपणापासून सहन होत नसे.

आता रांग आपोआप आखडत आली होती. पाटलानंही आपली जोडी विकली, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पोळ्यापुरते तो साळ्याचे बैल आणायचा, मान घ्यायचा आणि संध्याकाळी टेम्पोत घालून परत पाठवायचा. यंदा साळ्यानंही विकले. म्हणजे यंदा गावात बैल म्हणायला फक्त चांद्या आणि भुऱ्या. कोणी तसं बोललं नव्हतं, पण बोलायचं काय त्यात? ललितानं महिनाभर आधीपासून झुली शिवायला घेतल्या होत्या. पोरगी प्रणाली नांदगाव पेठेच्या कापडाच्या कंपनीत कामाला होती. तिनं तिथून चांगले निळे, पिवळे तुकडे आणून दिले होते.

जेवण होतं न होतं तोच धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, किशोर आला, जानराव पाटलाचा मुलगा. खांद्यावर लाकडाचा ओंडका होता.

"काय सहदेवभाऊ, झालं का जेवन?"

ललितानं मान वर केली. किशोरच्या तोंडून 'भाऊ' ती पहिल्यांदाच ऐकत होती. एरवी 'सहदेव, उद्या येजो', एवढंच. सहदेव त्याच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा होता.

"शिवन पडली ना आपली वाऱ्यानं, तिचं लाकूड हाय," किशोर म्हणाला. "एक बैल करून दे याचा. मोठा. हातभर उंच. तुह्यासारखा हात नाई कोनाचा."

यात नवल काही नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं चाकावरचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात. कवठीतल्या बहुतेक लेकरांचे बैल सहदेवच्या चाकूखालून निघालेले. पाटलाच्या घरचं असो की आपल्या मोहल्ल्यातलं, त्यानं कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. त्याचा एकच नेम होता. बैल पुरा करायचा, पण त्याच्या नाकाला भोक ज्याचा बैल त्याच्यासमोरच पाडायचं. खऱ्या गोऱ्ह्याची वेसण टोचतानाही धनी डोकं धरून बसतो, तसंच हे. लेकरू यायचं, दोन्ही हातांनी लाकडाचं डोकं घट्ट धरायचं, डोळे मिटायचं, आणि सहदेव पात्याच्या टोकानं नाक टोचून रंगीत दोऱ्याची वेसण ओवून द्यायचा. तेव्हा कुठं तो बैल त्या लेकराचा व्हायचा.

"पिंटूसाठी?" त्यानं विचारलं. पिंटू किशोरचा मुलगा, नुकताच धावायला लागलेला.

"घरासाठीच हाय ना," किशोर म्हणाला.

"लेकराले घेऊन येजा मंग. नाक त्याच्यासमोर टोचीन."

"हो हो, पाहू ते," म्हणत किशोर गेला. जाताना डवरलेल्या तासांकडे नजर टाकून, "कोपरा राहिला तिकडचा," हेही सांगायला विसरला नाही.

शिवणीचं लाकूड मोठं गुणाचं. हलकं, चिवट, पात्याखाली लोण्यासारखं सुटतं आणि फाटत नाही. सहदेवनं कुऱ्हाडीनं ओबडधोबड आकार काढला आणि पुढचं सारं चाकूनं. दुपारी निंबाखाली, पाऊस आला की कोठ्यात, चांद्याच्या पाठीला टेकून. वशिंड काढलं, गळ्याखालची लोंबती पोळी काढली, पुढचा एक पाय जरा उचललेला, आता चालणार असा. अंगठ्यावर चीर पडली तर चिंधी बांधली. लाकूड मोठं होतं आणि इतकं चांगलं लाकूड त्याच्या हाताला कधी लागलं नव्हतं. त्याला थांबवत नव्हतं.

"हा तं चांद्याच हाय," ललिता एका संध्याकाळी म्हणाली.

"जवान होता तवाचा."

"पाटलाच्या लेकराले आपला चांद्या काहून देता? आपल्या घरी ठेवा ना हा."

"लाकूड त्याह्यचं हाय. अन् लेकराले काय समजते पाटील अन् तायडे. खेळते बिचारं."

ललिता भाकरी थापायला वळली. पण तो बैल कोनाड्यात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली, चार दिवस उभा होता तेव्हा येणारं-जाणारं माणूस थांबून पाहत होतं. सुट्टीवर आलेल्या प्रणालीनं त्याचे फोटो काढले. सहदेवनं वेसणीसाठी लाल-पिवळा दोरा मांडीवर वळून खिशात ठेवला आणि पिंटूची वाट पाहिली.

पिंटू आला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलाचा गडी सागर आला.

"किशोरभाऊनं बैल मंगवला."

"नाक टोचाचं राहिलं अजून. लेकरू कुठं हाय?"

"मले काय माईत? आन म्हनलं, आनतो." सागरनं बैल काखेत मारला आणि चालता झाला.

संध्याकाळी खांद शेकायची होती. वर्षभर जू वाहून बैलांच्या मानेवर घट्टे पडतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथं हळद आणि कोमट तूप चोळतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. तायड्यांच्या घरी देव नव्हते, आरती नव्हती, पण बैलांचं आवतण कधी चुकलं नव्हतं. ललिता वाटी घेऊन चांद्याच्या मानेला हात चोळत होती. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली, आणि चांद्यानं मान खाली सोडली. तिथली कातडी चामड्याच्या चपलेसारखी टणक झाली होती.

तेवढ्यात देवराव कोतवाल फाटकाशी येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"उद्या ऊन कललं की आखरावर या," तो म्हणाला. "पाटलाचा बैल पुढं राहीन. त्याच्या मांगं तुमची जोडी."

"पाटलाचा कोनता बैल?" सहदेवनं विचारलं.

देवराव खाली पाहू लागला. "तो लाकडाचा. तुमीच केला ना."

देवरावच पुढं म्हणाला, "मान हाय म्हनते ना घराचा. जित्ता नसला तं लाकडाचा चालते म्हनते. लोक मातीचे नाई का पूजत? मले सांगाले पाठवलं, मी सांगतलं. माह्यावर राग नोका धरू." आणि तो गेलाही.

सहदेव दाव्याला हात घालून तसाच उभा होता. भुऱ्यानं तुपाच्या वासानं तोंड पुढं केलं, त्याच्या खांद्याला धक्का दिला, आणि सहदेवनं वळून त्याच्या तोंडावर मूठ मारली. सगळ्या जोरानं मारली. बैल दावं ताणून मागं सरला, डोळे फिरवून पाहू लागला.

"आवतनाच्या दिवशी हात उचलला!" ललिता ओरडली. "या मुक्या जनावरावर! माराचं तं त्याले जाऊन मारा ना ज्यानं भाऊ भाऊ करून गळा कापला!"

"माह्याच हातानं केला मी तो. माह्याच चाकूनं."

"मंग? त्याह्यनं सांगतलं होतं का कशाले पायजे म्हनून? लेकराच्या नावानं नेला. लाकूड त्याह्यचं म्हनत होते ना तुमी? घ्या आता. लाकडाच्याही मांगं हायत आपले बैल. वर्षभर याह्यच्या वावरात खपाले तायड्याचे बैल चालतात, तवा नाई वाटत लाज. चार पावलं पुढं चालाले चालत नाईत!" तिचा आवाज मोहल्ल्यात ऐकू जात होता, जाऊ दे, तिला तेच हवं होतं. बोलता बोलता ती रडायला लागली आणि रडता रडता भुऱ्याच्या जबड्याला तूप चोळायला लागली.

"आपन जायचंच नाई," प्रणाली म्हणाली. "बैल घरीच राहू द्या. अन् मी पोलीस ठेशनात अर्ज देईन."

"काय लिहिशीन अर्जात? लाकडाचा बैल पुढं केला म्हनून?"

"तेच लिहीन! तेच झालं ना, बाबा?"

सहदेवनं खिशात हात घातला तर बोटांना वेसणीचा दोरा लागला. "झुली शिवल्या तुह्या मायनं," तो म्हणाला. "जाऊ. चोरी नाई केली आपन."

दुसऱ्या दिवशी नाल्यावर बैल धुतले. शिंगांना रंग दिला, बाशिंगं बांधली, घुंगरमाळा घातल्या. निळ्या-पिवळ्या झुली अंगावर पडल्या तेव्हा चांद्याचं वय झाकलं. त्यानं मान उचलली, पाय ओढायचंही जरा कमी केलं. जनावराला समजतं आपल्याला सजवलंय ते. सहदेवला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

आखरावर गाव जमलं होतं. स्पीकर लागला होता, डफडंवाले आले होते. तोरणाच्या पुढ्यात, सगळ्यांच्या पुढं, चाकं ठोकलेल्या पाटावर तो शिवणीचा बैल उभा होता. साटीनची झूल, पाटलाच्या घरचं जुनं चांदीचं बाशिंग, गळ्याला बांधलेला कासरा, आणि कासरा किशोरच्या हातात. किशोर पांढऱ्या पायजम्या-सदऱ्यात होता. बाजूला खुर्चीवर म्हातारा जानराव पाटील. मागं चांद्या आणि भुऱ्या येऊन उभे राहिले. दोन जिवंत बैल आणि त्यांच्यापुढं एक लाकडाचा. कोणी कोणी तोंडावर रुमाल धरून हसत होते, पण काय चाललंय हे म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही. यांचं सोयाबीन त्याच बैलांनी वाचवलेलं. हीच माणसं दोन दिवसांनी सहदेवच्या दारात येऊन, आमचं कधी डवरतो रे, म्हणणार होती. गावाला कशाची लाज वाटेल याचा काही नेम नसतो.

जानराव पाटील खुर्चीतून वाकून लाकडी बैलाकडे पाहत होता. म्हातारा जन्मभर बैलांत वाढलेला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"किशोर, याची वेसन कुठं हाय?"

"आँ?"

"वेसन, वेसन! नाक कोरं हाय याचं. बिनवेसनीचा बैल तोरनाखाली नेतं का कोनी? गोऱ्हा हाय का तो? लोक काय म्हनतीन!"

लोक काय म्हणतील याची काळजी म्हाताऱ्याला होती. पण ती वेसणीबद्दल होती, मागं उभ्या जोडीबद्दल नाही. किशोर ओशाळला आणि मग त्यानं मागं वळून हाक मारली.

"सहदेव, इकडं ये. नाक टोच याचं. दोन मिनटाचं काम हाय."

कालपरवाचा 'भाऊ' गेला होता. सहदेवनं कासरा ललिताच्या हातात दिला. पोळ्याच्या रांगेत बाई बैल धरत नाही, पण ललितानं तो मनगटाला गुंडाळून घेतला आणि सगळ्यांकडे टक लावून पाहिलं. सहदेव पुढं गेला, खिशात हात घातला आणि चाकू उघडला.

"चाकू काढला बे!" कोणीतरी ओरडलं. पुढची माणसं मागं सरली, सागर काठी घेऊन धावला, चार-पाच मोबाइल वर झाले. त्यात प्रणालीचाही होता. जन्मभर त्याच चाकूनं त्यांच्या लेकरांचे बैल केलेले. आज तोच चाकू पाहून गाव मागं सरलं.

"धरा," सहदेव किशोरला म्हणाला.

"काय धरा?"

"डोकं धरा. ज्याचा बैल त्यानं धरावं लागते. विचारा पाटलाले."

"बरोबर हाय त्याचं," जानराव म्हणाला. "धर. खाली बस."

किशोरनं चिखलाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि पांढऱ्या पायजम्यानिशी उकिडवा बसला. तसं जमेना, पाट सरकत होता, म्हणून त्याला गुडघे टेकावे लागले. दोन्ही हातांनी त्यानं लाकडी डोकं धरलं. सहदेवही समोर बसला. पात्याचं टोक त्यानं नाकपुडीच्या मधे टेकवलं आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. लाकडाचा बारीक भुगा पडू लागला. पात्यापासून बोटभर अंतरावर किशोरचं मनगट होतं, त्यावरची शीर उडताना दिसत होती. सहदेवला ती दिसली. बापाचं हसणं आठवलं, नाल्याच्या अंगाला उभे केलेले आजाचे बैल आठवले, भुऱ्याच्या तोंडावर मारलेली मूठ आठवली. त्याला वाटलं, एकदा हात सटकला तर? कोणाला समजेल? किशोरनं वर सहदेवकडे पाहिलं आणि त्याचं ओशाळं हसू गेलं.

हात सटकला नाही. भोक आरपार झालं, गोल, स्वच्छ, कुठंही चीर न पडता. सहदेवनं फुंकर मारून भुगा उडवला. खिशातला लाल-पिवळा दोरा काढून वेसण ओवली, डोक्यामागं गाठ मारली, गळ्याचा कासरा सोडून वेसणीला बांधला आणि किशोरच्या हातात दिला.

"घ्या. कामाचा झाला आता हा," तो म्हणाला. चाकू मिटला, खिशात टाकला, मागं आला आणि ललिताच्या हातून कासरा घेऊन त्यानं जोडी घराकडे वळवली.

"अबे, कुठं चालला?" किशोर गुडघे झटकत ओरडला. "पोळा फुटला नाई अजून! तुहे बैल मांगं हायत ना!"

"मांगं उभे कराले दुसरे पाहा," सहदेव म्हणाला. तो थांबला नाही.

मागं तोरणाखालून पाटाची चाकं चिखलात अडखळत गेली. कोणीतरी 'हर बोला' म्हटलं, त्याला धड साथ मिळाली नाही. घरी ललितानं दारात बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी भरवली. चांद्या बिनदातांनी हळूहळू चघळत राहिला, अर्धी पोळी खाली पडत होती, ती उचलून ललिता पुन्हा त्याच्या तोंडात देत होती. सहदेव ओट्यावर बसून होता. रडू येतं तर बरं झालं असतं. त्याला गाव पेटवून द्यावंसं वाटत होतं.

पोळा झाला, पाऊस झाला भोळा, म्हणतात. पोळा सरला आणि पावसानं खरंच उघाड दिली. माती जरा सुकली, वाफसा आला. पहिल्यांदा देवराव आला, सोयाबीन डवरायचं म्हणून.

"पाटलाकडं बैल हाय," सहदेव म्हणाला. "त्याले सांगा."

देवराव हसला. सहदेव हसला नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं. "अजी, मी तं नुसता निरोप सांगतला होता."

"मी बी निरोपच सांगून राहिलो. मानाचा बैल हाय, वेसन बी टोचलेली हाय. जुंपा."

मग दुसरे आले, तिसरे आले. साऱ्यांना तेच उत्तर. तायड्याला मस्ती आली, गाव म्हणू लागलं. ललिताला कवठीत कोणी निंदणाला बोलवेना. ती पहाटे उठून दुसऱ्या गावच्या बायांसोबत ऑटोत कोंबून जाऊ लागली आणि संध्याकाळी कंबर धरून उतरू लागली. पण एकदाही, जाऊ द्या, डवरून द्या, असं ती म्हणाली नाही. किशोरनं अमरावतीहून गवत काढायचं यंत्र भाड्यानं आणलं. ते आतून अजून ओल्याच असलेल्या तासात फसलं, आणि निघालं ते पऱ्हाटीची एक ओळ उपटूनच. सहदेव मात्र कधी नव्हे तो हंगामात आपलं स्वतःचं वावर डवरत होता. जन्मात पहिल्यांदा तायड्यांच्या तीन एकरांत माती मोकळी आणि काळीभोर दिसत होती, आणि धुऱ्यापलीकडे पाटलाच्या पऱ्हाटीत गवत मांडीला लागलं होतं.

तिथंच एका दुपारी जानराव पाटील आला. एकटाच, काठी टेकत, आणि काखेत तो लाकडी बैल. धुऱ्यावर उभा राहून सहदेव तास संपवून येईपर्यंत त्यानं वाट पाहिली. पाटलानं तायड्याची वाट पाहिली, हे सहदेवच्या ध्यानात आलं, तरी त्यानं चाल वाढवली नाही.

"सहदेव, ते माह्या लेकराची अक्कल होती," म्हातारा म्हणाला. "मीच मोडता घालाले पायजे होता. नाई घातला. हा घे तुहा बैल, वापस घे."

"टोचलेला बैल वापस घेत नाई कोनी, पाटील. तुमाले माईत हाय."

म्हाताऱ्याला माहीत होतं. बाजारातला नेम तोच होता. तो काठीवर भार टाकून उभा राहिला. "पऱ्हाटी जाऊन राहिली बापा. पुढच्या पोळ्याले तुही जोडी पुढं. साऱ्या गावासमोर सांगतो."

सहदेवनं चांद्याकडे पाहिलं. बैल तोंडाला फेस आणून उभा होता, मागचा पाय जमिनीला नीट टेकत नव्हता.

"पुढच्या पोळ्याले हा नसन, पाटील," तो म्हणाला. आवाज चढला तो त्याला आवरता आला नाही. "यंदाच होता! माह्या आज्यापासून कोनाचे बैल पुढं नाई गेले, अन् यंदा आपोआप जात होता. तुमाले काई द्याचं नव्हतं, काई सोडाचं नव्हतं. नुसतं गप बसाचं होतं. तेवढंबी नाई झालं तुमच्यानं! वरतून त्याच्याचसारखा माह्या हातानं कोरून घेतला अन् त्याच्याचपुढं उभा केला!"

हातातला बैल जानरावनं पाहिला, वशिंड पाहिलं, उचललेला पाय पाहिला, मग चांद्याकडे पाहिलं. बैल ओळखणारा माणूस होता. त्यानं तो लाकडी बैल धुऱ्यावर गवतात ठेवला आणि काठी टेकत परत गेला.

सहदेवनं बैल वळवले. प्रत्येक तास संपला की धुरा यायचा आणि धुऱ्यावर तो उभा दिसायचा. त्याच्या हातून याहून चांगलं काही झालं नव्हतं, पुढं होणारही नव्हतं, हे त्याला समजत होतं. दर खेपेला वाटायचं, वाकावं आणि उचलून घ्यावा. दर खेपेला तो, "चांद्या, तास धर," म्हणायचा आणि वळायचा.

दिवस मावळायच्या आधी पाऊस आला. त्यानं डवरा सोडला, मुसकी काढली, दोन्ही बैलांच्या पाठीवर पोती टाकली आणि चांद्याच्या चालीनं, हळूहळू, घराकडे निघाला. लाकडाचा बैल मागं धुऱ्यावर भिजत राहिला.